सराफ बाजारातला पटवेकरी आणि आमची पुतळ्यांची माळ

घरात जुनी पुतळ्यांची माळ असेल, तिचा दोरा कुजला असेल, दोन-चार पुतळ्या, म्हणजे ठसा मारलेल्या सोन्याच्या गोल चकत्या, निखळून डबीत पडल्या असतील, तर ती मोडीत घालण्याआधी नाशिकच्या सराफ बाजारात एक चक्कर मारा. मोठ्या पेढ्यांच्या मधल्या बोळांत अजून पटवेकरी, म्हणजे दागिने रेशमात ओवून गाठवून देणारे कारागीर, बसतात. त्यांतल्या एका काकांकडून मी आमची माळ गाठवून घेतली. काम चोख झालंच, पण त्या निमित्तानं माळेबद्दल जे कळलं त्यामुळे हे सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं.

दुकानाला पाटी नाही. दहीपुलाच्या बाजूनं बाजारात शिरा आणि कुठल्याही सराफाला ‘गाठवायचं आहे’ म्हणून विचारा, तो हात करून दाखवेल. एक माणूस मांडी घालून बसेल आणि समोर गिऱ्हाईक उभं राहील एवढीच जागा. भिंतीला खिळे, खिळ्यांना रेशमाच्या लडी, लाल, हिरव्या, काळ्या, मधूनच जरीची एखादी. काकांचं वय सत्तरीच्या पुढे असेल. पायाच्या अंगठ्यात दोऱ्याचं टोक अडकवून ते पीळ देतात तेव्हा बोलणं थांबतं. पीळ बसला की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे सुरू.

पटवेकऱ्याचं काम सोनाराहून वेगळं. सोनार दागिना घडवतो आणि पटवेकरी त्याचे सुटे भाग रेशमात गुंफतो, गाठी मारतो, गोंडा बांधतो. पट्ट म्हणजे रेशीम, त्यावरून हे नाव आलं. ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ हे दागिने जुन्या पद्धतीत सोनाराच्या हातून अर्धेच होत, उरलेलं अर्धं पटवेकऱ्याकडे. आता पेढीवर तयार माळ सोन्याच्या साखळीत जोडूनच मिळते, त्यामुळे हा धंदा आहे हेच तरुण मुलींना माहीत नसतं. माझ्या लेकीलाही नव्हतं.

आमची माळ सासूबाईंची. त्यांना ती त्यांच्या सासूबाईंकडून आली. घर पंचवटीतलं, जुनं. सासूबाई गेल्यावर कपाट आवरताना डबी निघाली आणि उघडली तर दोरा हाताला लागताच तुटला. मोजून ३२ पुतळ्या होत्या, त्यांतल्या दोघींची नाकं, म्हणजे दोरा ओवायच्या कड्या, झिजून गेलेल्या. आधी आम्ही ती एका मोठ्या शोरूममध्ये नेली. तिथल्या मुलानं सगळ्या पुतळ्या एकदम मशीनखाली ठेवल्या, सोन्याची टक्केवारी सांगितली, घट किती धरणार ते सांगितलं आणि म्हणाला, “मॅडम, एवढं जुनं आता कोण घालतं? यात छान हलका नेकलेस बसेल.” एकाही पुतळीचा चेहरा त्यानं पाहिला नव्हता. मला ते फार लागलं. आम्ही पुतळ्या परत डबीत भरल्या आणि बाहेर पडलो.

काकांनी पहिल्यांदा काय केलं ते सांगते, कारण माझ्या लेखी या दुकानाचं मोल तिथेच ठरलं. त्यांनी डबी पितळेच्या थाळीत पालथी केली, चष्मा पुसला आणि एकेक पुतळी उलटीसुलटी करून बघत तीन ढीग लावले. मग म्हणाले, “ताई, ही माळ एका हातची नाही.”

मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये तपासणीच्या विभागात नोकरी केली. ठसा कुठे दबलाय, रेघ कुठे तुटलीय, कड कुठे सरकलीय हे बघण्यात माझी हयात गेली. त्यामुळे त्यांनी ढीग लावले तसे मला ते लगेच पटले. पहिल्या ढिगातल्या पुतळ्या पातळ, पत्र्यावर ठसा मारून काढलेल्या, त्यांवर कमळातली लक्ष्मी, कडा सगळ्या एकसारख्या. या सासूबाईंच्या काळातल्या असाव्यात. दुसऱ्या ढिगातल्या जरा जाड, त्यांवर राम आणि सीता, पण झिजून नाकडोळे गेलेले. तिसऱ्या ढिगात फक्त चार. त्या इतरांपेक्षा जड. एका बाजूला एक उभी आकृती, तिच्यासमोर गुडघे टेकलेली दुसरी, दोघांच्या मध्ये उभा दांडा. मागच्या बाजूला लंबगोलात उभी एकच आकृती आणि तिच्या भोवती टिंबं. कडेनं अक्षरं, ती देवनागरी नाहीत, मोडी नाहीत, फारसीही नाहीत.

“या मूळच्या पुतळ्या,” काका म्हणाले. “बाकीच्या यांच्या लेकी-नाती.”

त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. पुतळी हे आधी नाण्याचं नाव, दागिन्याचं नंतर. ते नाणं इटलीतल्या व्हेनिसचं. १२८४ साली तिथल्या टांकसाळीत सोन्याचं डुकाट पाडायला सुरुवात झाली आणि १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजांपुढे ते प्रजासत्ताक संपेपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून जास्त काळ, नाण्याचं वजन आणि चित्र जवळजवळ तेच राहिलं. वजन साधारण ३.५ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापात साडेतीन माशांहून थोडं अधिक. सोनं जवळपास शुद्ध. चित्रात व्हेनिसचे संत मार्क तिथल्या प्रमुखाच्या, डोजच्या, हाती निशाण देत आहेत आणि डोज गुडघ्यावर बसलाय. मागे ताऱ्यांच्या वेढ्यात येशू. इकडून मिरी-मसाले आणि कापड तिकडे जायचं आणि त्याच्या बदल्यात द्यायला युरोपाकडे सोन्या-चांदीखेरीज फारसं काही नव्हतं. इजिप्त, तांबडा समुद्र, अरब व्यापारी अशा वाटेनं हे नाणं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलं. किनाऱ्यावरून घाट चढून ते देशावर आलं आणि इथल्या लोकांनी त्यावरची उभी आकृती बघून त्याला पुतळी म्हटलं. त्या काळात हाती येणाऱ्या मोहरांवर बहुतेक नुसती अक्षरं असत. आकृती असलेलं नाणं म्हणजे पुतळीचं नाणं. जुन्या मराठी हिशेबांत मोहोर, होन आणि पुतळी ही नावं शेजारी-शेजारी येतात.

संत मार्क आणि डोज इथे कुणाला ठाऊक असणार? बायकांनी त्या दोन आकृत्यांत आपलं दैवत पाहिलं. पुढे मागणी वाढली आणि खरं नाणं पुरेना, तेव्हा इथल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या. लॅटिन अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून ती नकलांमध्ये हळूहळू नुसत्या उभ्या-आडव्या रेघा झाली. आमच्या चारांतल्या दोघींवरची अक्षरं अशीच आहेत, एक तर उलटी पडलीय. म्हणजे त्या भारतात पाडलेल्या नकला आहेत, आणि मला त्या खऱ्यांइतक्याच प्रिय आहेत, कारण न समजणारं अक्षरही गाळायचं नाही म्हणून जमेल तसं कोरणारा कुणीतरी कारागीर त्यांत दिसतो. नकलांनंतर चित्रच बदललं, रामसीता आले, लक्ष्मी आली. नाणं गेलं, नाव तेवढं राहिलं. आज पेढीवर ‘पुतळीहार’ मागितला तर मिळतो, पण त्यातली पुतळी नाणं होती हे विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं.

या नाण्याचं व्हेनिसमधलं दुसरं नाव झेक्किनो. ते टांकसाळीसाठीच्या झेक्का या शब्दावरून आलं आणि झेक्का आला अरबी ‘सिक्का’वरून, म्हणजे नाण्याचा ठसा. तोच सिक्का मराठीतही आहे. झेक्किनोचं फ्रेंच-इंग्रजीत सिक्विन झालं आणि पुढे कपड्यावर शिवायच्या चमकत्या टिकलीला तेच नाव पडलं. माझ्या लेकीनं लग्नातल्या स्वागत समारंभासाठी सिक्विनचं ब्लाउज शिवून घेतलं आणि त्यावर ही माळ घातली. नाव एकाच नाण्याचं, पण ते युरोपात कपड्यावर चढलं आणि आपल्याकडे गळ्यात आलं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती आरशासमोरून हलेना.

नाण्याचा दागिना करणं आपल्याकडे नवं नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांवरून केलेली मातीची पदकं सापडली आहेत, ओवायला भोकं असलेली. ज्यांना सोन्याचं नाणं परवडत नव्हतं ते मातीचं घालत असणार. केरळात काशुमाला आहे, काशु म्हणजे तिकडचं नाणं. आणि याच्या बरोबर उलट प्रवास एका वेदकालीन शब्दाचा आहे. ऋग्वेदात निष्क म्हणजे गळ्यातला दागिना. रुद्राच्या सूक्तात त्याच्या अंगावर निष्क असल्याचं वर्णन आहे आणि ज्याच्या गळ्यात निष्क आहे त्याला ‘निष्कग्रीव’ म्हटलंय. पुढच्या काळात तोच निष्क सोन्याच्या नाण्याचं नाव झाला. निष्काचा दागिन्यातून पैसा झाला आणि पुतळीचा पैशातून दागिना. अमरकोशात मोत्यांच्या माळांची नावं वाचावीत, एक सर असेल तर एकावली, २७ मोत्यांची असेल तर नक्षत्रमाला, शंभर सरांचा देवच्छंद. तिथे नावातच दागिन्याचा हिशेब आहे. आपल्याकडचं पुतळी हे नावही मला त्याच जातीचं वाटतं, दागिना काय होता ते नाव सांगतं.

बाजाराच्या नावाचंही तसंच. सराफ हा अरबी शब्द, मूळ अर्थ नाणी पारखणारा आणि बदलून देणारा. वेगवेगळ्या मुलखांतले यात्रेकरू गोदाकाठी यायचे, त्यांच्या कनवटीला वेगवेगळी नाणी असायची. ती पारखायला माणूस लागणारच. नाशिकला हे काम किती जुनं आहे ते बघायचं तर पांडवलेण्यांत जा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याच्या शिलालेखात ३५ कार्षापणांना, म्हणजे चांदीच्या नाण्यांना, १ सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, असा चक्क भाव कोरलेला आहे. नाण्यांच्या बाबतीत आपला जिल्हाच श्रीमंत. १९०६ मध्ये जोगळटेंभीला १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली, नहपानाची, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. चांदवडला टांकसाळ होती, चांदवडी रुपया तिथला. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आणि आमची नोट प्रेस १९२८ पासून. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुलांना तिथे जरूर न्या. अशा गावात पुतळ्यांची माळ वितळवायला काढावी हे मला सहन होत नाही.

आता कामाबद्दल.

मी काकांना विचारलं की साखळीत जोडून घेतली तर दोरा कुजायची भानगड मिटेल ना? त्यांनी दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. ते म्हणाले, “साखळीत घातली की ती बंद झाली. ही माळ उघडी लागते.” पुतळ्यांची माळ पूर्वी एकदम घडवत नसत, ती वाढवत. द्राक्षाचे, कांद्याचे चार पैसे जास्त आले, एक पुतळी घाला. बाळंतपण झालं, माहेराहून एक आली, घाला. दुष्काळ पडला, कुणाचं आजारपण निघालं, तर दोरा सोडा, दोन काढा, सराफाकडे द्या, पुन्हा गाठवा. माळ म्हणजे बाईची स्वतःची ठेव. तिला रेशीम लागतं ते एवढ्यासाठीच, कारण रेशमाची गाठ सोडता येते, डाख देऊन, म्हणजे धातू वितळवून, जोडलेली कडी तोडावी लागते. आमच्या माळेत तीन काळांतल्या पुतळ्या कशा आल्या ते मला त्या क्षणी कळलं. सासूबाईंच्या सासूबाईंनी मिळवलेल्या त्या चार, मधल्या काळातल्या रामसीता, आणि सासूबाईंनी शिवणकामाच्या पैशांतून घेतलेल्या लक्ष्म्या. मधे काही गेल्याही असतील. बँकेचं पासबुक त्यांच्या नावावर कधीच नव्हतं.

गाठवायच्या आधी त्यांनी झिजलेल्या नाकांच्या दोन पुतळ्या बाजूला काढल्या आणि शेजारच्या सोनाराकडे पाठवल्या. नाकं बदलल्याशिवाय ओवायला साफ नकार. सोनाराला निरोप होता की डाख कमीत कमी लावायचा आणि पुतळीला पॉलिश करायचं नाही. हा दुसरा निरोप मला फार आवडला. जुन्या पुतळीला चकाकी आणण्याच्या नादात ठसा आणखी पुसला जातो आणि सोनंही जातं.

मग वजन. प्रत्येक ढिगाचं वेगळं वजन माझ्यासमोर केलं, चिठ्ठीवर नग आणि ग्रॅम लिहिले, एक चिठ्ठी मला दिली, एक डबीत ठेवली. काम झाल्यावर रेशमासकट पुन्हा वजन. शेजारच्या सराफाच्या काट्यावर केलं, म्हणजे शंका नको.

ओवणं बघायला मी तिथेच थांबले. बहुपदरी रेशमाला पीळ देऊन आधी बारीक दोर केला, त्यावरून मेण फिरवलं. प्रत्येक पुतळीच्या नाकातून दोर गेल्यावर मागच्या बाजूनं एक बारीक गाठ बसते, त्यामुळे पुतळी गळ्यात उलटत नाही. दोन पुतळ्यांच्या मधे एक लहान सोन्याचा मणी, म्हणजे कडा एकमेकींवर घासत नाहीत. जड चार मधोमध, त्यांच्या दोन्ही अंगांना रामसीता आणि वर मानेकडे हलक्या लक्ष्म्या. वजन खाली ओढलं जातं म्हणून माळ छातीवर स्थिर बसते. मानेमागे जरीचा गोंडा आणि सरकती गाठ, त्यामुळे लांबी कमी-जास्त करता येते. लेक ती गळ्याशी घालते, मी खाली सोडते, दोघींना एकच माळ पुरते. आधीच्या दोऱ्यात पुतळ्या एकमेकींवर चढायच्या आणि रामसीता कायम पाठमोरे, ते आता बंद झालं.

गाठवण्याची मजुरी रेशीम आणि गोंड्यासकट ९०० रुपये. नाकं बदलण्याचे सोनारानं वेगळे घेतले. मला हे दर अतिशय वाजवी वाटले, खरं तर कमीच. बोटांत इतकी वर्षं मुरलेलं काम आहे. मी वर थोडे देऊ केले तर काकांनी घेतले नाहीत, त्यांच्या सूनबाईंसाठी नेलेली मिठाई मात्र ठेवून घेतली.

उणं काय ते सांगायलाच हवं. बसायला जागा नाही. बोळातल्या पायरीवर टेकावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होईल, सोबत कुणाला तरी न्या. छापील पावती नाही, फक्त हातानं लिहिलेली चिठ्ठी. सोनं ठेवून जाताना जीव कासावीस होतो, तेव्हा समोर बसून करून घेण्याचाच आग्रह धरा. ते दुपारी काम समोर करून देतात, पण तसं आधी बोलून ठरवावं लागतं. सांगितलेली वेळ पाळली गेली नाही. लग्नसराई होती आणि आमचं काम मागे पडलं. त्यांनी कारण सरळ सांगितलं, थापा मारल्या नाहीत, तरी ज्यांना मुहूर्ताला दागिना हवा आहे त्यांनी पुष्कळ आधी जावं. फोनवर काम घेत नाहीत. पैसे फोननं देता येतात, सूनबाईंचा क्यूआर कोड भिंतीला लावलेला आहे. आणि मला हिरव्या रेशमात माळ हवी होती, पण हिरवा रंग घामानं उतरतो म्हणून त्यांनी लालच घातला. लाल छान दिसतो, तरी निवड गिऱ्हाइकाची असायला हवी असं माझं मत आहे.

पावसाळ्यात गोदावरी चढली की हा भाग बेभरवशाचा. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की बाजारातले लोक माल वरच्या मजल्यावर हलवतात, काकाही लडी आवरून घरी जातात. त्या दिवसांत जाऊ नका. चारचाकी बाजारात घालायचा विचारच नको, रविवार कारंज्यापासून चालत जा.

माळ पुढे वाढवायची म्हणून आम्ही लेकीच्या नावानं दोन नव्या पुतळ्या घेतल्या. त्यात एक गोष्ट कळली, ती सगळ्यांना उपयोगी पडेल. २०२१ च्या जूनपासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांकही लागतो. पण २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला ही सक्ती नाही. सुटी पुतळी बहुतेक त्याहून हलकी असते. म्हणून सुट्या पुतळ्या घेताना सोनं किती कॅरटचं आहे ते लिहिलेली पक्की पावती मागून घ्या. २२ कॅरट म्हणतात पण लिहून द्यायला कुरकुरतात, अशा ठिकाणाहून उठून या. ठसाही बघा. हल्ली काही पुतळ्यांवरची लक्ष्मी इतकी उथळ उमटलेली असते की वर्षभरात पुसून जाईल. बोटाचं टोक फिरवल्यावर लक्ष्मीचं नाक आणि हात जाणवले पाहिजेत.

जुनी माळ नेणार असाल तर घरीच प्रत्येक पुतळीचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, नग मोजा, आणि जड असलेल्या वेगळ्या ठेवा. त्यांवर अनोळखी अक्षरं दिसली तर कुणाच्याही सांगण्यावरून त्या घासू नका, ब्रशनं तर मुळीच नाही. गाठवून आणल्यावर माळेला अत्तर किंवा फवारा लागू देऊ नका, रेशीम त्यानं लवकर जातं. वापर कमी असला तरी काही वर्षांनी दोरा बदलून घ्या. काका म्हणतात की पेटीत पडून राहिलेला दोरा घातलेल्यापेक्षा आधी कुजतो.

तन्मणी किंवा चिंचपेटी, म्हणजे मोत्यांचं काम असेल, तर ते घेतात पण मोती विंधलेलं भोक मोठं झालं असेल तर परत करतात. कोल्हापुरी साजाची पानं ओवून देतात, पण त्यातला ताईत हलत असेल तर आधी सोनाराकडे जायला सांगतात. माझ्या आईची वज्रटीक कापडावर शिवलेली आहे आणि ते कापड विरलंय. ती सध्या त्यांच्याकडेच आहे, तुळशीच्या लग्नाआधी देतो म्हणालेत. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ते नवीन काम घेत नाहीत, तेव्हा जायचं असेल तर नवरात्र बसायच्या आत जा, आणि सकाळी अकराच्या आधी नको, तेव्हा शटर बंद असतं.